दोन हजार तीनशे सतरा ठिपके

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि हे सांगायला मला जराही लाज वाटत नाही. माझी डावी बिजागरी चिकटपट्टीने बांधलेली आहे. एका कळीचं टोपण उडून गेलंय, तिथे आता नुसतं रबरी बोंड दाबावं लागतं. पंखा सुरू झाला की शेजारच्यांना वाटतं आमच्याकडे मिक्सर लागलाय. बॅटरी म्हणाल तर नऊ मिनिटं. दहाव्या मिनिटाला मी डोळे मिटतो. पण लगेच ‘अरेरे, बिचारा’ म्हणू नका हं! दुकानात काचेमागे ऐटीत बसलेल्या त्या सडपातळ, चकचकीत लॅपटॉपांपैकी एकानेही जे पाहिलं नाही, ते मी पाहिलंय. अजून आठवलं की माझा पंखा आपोआप जोरात फिरायला लागतो.

माझा जन्म पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या एका लांबलचक दालनात झाला. हातमोजे घातलेल्या कितीतरी हातांनी मला जोडलं. शेवटच्या हाताने मला चालू केलं, मी ‘टिंग’ केलं आणि एका चिठ्ठीवर बरोबरची खूण झाली. तेवढंच माझं बारसं.

तिथून मी गेलो एका कुरिअर कंपनीच्या कचेरीत. सहा वर्षं मी पार्सलांवर चिकटवायची लेबलं छापली. नाव, पत्ता, वजन. नाव, पत्ता, वजन. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “हा घोडा आहे घोडा!” मीही फुशारून जायचो. पण खरं सांगू? त्या हजारो खोक्यांत काय होतं ते मला कधीच कळलं नाही. कुणी कुणाला काय पाठवलं, ते उघडताना कुणाचा चेहरा कसा झाला, काही म्हणजे काही नाही. मी आपला वजनं लिहीत राहिलो.

मग नवी यंत्रं आली आणि घोड्याची रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे चिकटपट्ट्यांच्या ढिगाखाली पडलो असताना काउंटरवर काम करणाऱ्या एका बाईंनी मला पाहिलं. “साहेब, हा मी घरी नेऊ का?” त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, “न्या की. पण चालला नाही तर माझ्या नावाने ओरडू नका.”

त्या बाई म्हणजे आमची आई. आमची म्हणजे झिपरीची. मी तिलाच आई म्हणतो, माझी दुसरी कोण आहे?

घर तीन खोल्यांचं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे दिवसभर हवा भरायच्या पंपाचा फुस्स-फुस्स आवाज. त्या घरात पहिली दोन वर्षं मी कपाटावर पडून होतो. माझ्या अंगावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे! एकदा तर कुणीतरी ओला टॉवेल ठेवला. मी सहा वर्षं लेबलं छापली ती काय टॉवेल वाळवायला? पण तोंड नसलेल्याने बोलायचं कसं?

मग झिपरी दहावीत गेली आणि माझं नशीब उघडलं.

झिपरी हे तिचं खरं नाव नाही. तिचे केस कुठल्याच रबरबँडला दाद देत नाहीत म्हणून मावशीने ते नाव ठेवलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, राहते याच घरात, आणि दिवसभर लोकांची तोंडं बघून घरी आली की स्वतःचं तोंड बंद करत नाही. शाळेत संगणकाच्या बाईंनी सांगितलं होतं, घराला उपयोगी पडेल असं काहीतरी बनवा. झिपरीने टुणकन उडी मारून मला कपाटावरून उतरवलं, फुंकर मारली, धुळीने तीन शिंका दिल्या आणि जाहीर केलं, “मी वेब अ‍ॅप करणार! आपल्या घरात कोण किती गाणी ऐकतं, कधी ऐकतं, कुणाचं लाडकं गाणं कुठलं, सगळं चित्रांत दिसणार!”

“आणि याने घराला काय उपयोग?” आईने विचारलं.

“भांडणं मिटतील,” मावशी म्हणाली. “स्पीकर कुणी अडवून ठेवला ते पुराव्यानिशी कळेल.”

त्या खोलीत आणखी एकजण होते. खिडकीपाशी खुर्चीत. ते हसले आणि म्हणाले, “हळू.”

ते बाबा. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकणार नाही.

बाबा गाडी चालवायला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. अख्ख्या परिसरातल्या निम्म्या लोकांचे पाय त्यांनी क्लचवर स्थिर केले होते. त्यांची जीभ म्हणजे नुसतं चाक! “हळू! क्लच हळू सोड. गाडी आहे ती, बेडूक नाही. हळू! मागचा माणूस हॉर्न वाजवतोय? वाजवू दे, त्याला गाणं येत नसेल.” असं दिवसभर. आणि एक दिवस ते जेवता जेवता ताटावरच कलंडले. मेंदूतली एक बारीकशी रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला, पाय चालायला लागले, उजवा हातही बराचसा परत आला. शब्द मात्र गेले. सगळे गेले आणि एकच उरला. जो त्यांनी जन्मभरात सगळ्यांत जास्त वेळा उच्चारला होता तोच. हळू.

भूक लागली की “हळू.” राग आला की “हळू!” झिपरीला पहिल्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं तेव्हा डोळ्यांत पाणी आणून “हळू, हळू, हळू.” डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, पेपरातलं कोडं ते मनात सोडवत असावेत, पण तोंडातून बाहेर यायची वाट बंद. मानेवरही भरवसा नव्हता. चहा हवा का, मान हो. नको का, मान तरीही हो. मग स्वतःवरच चिडायचे.

त्यांना बोलणं शिकवायला एक मॅडम होत्या. दर गुरुवारी साडेचार वाजता त्यांच्या दवाखान्यात जायचं. मॅडमनी सांगितलं होतं की बोलण्याची वाट बंद असली तरी गाण्याची वाट कधीकधी उघडी असते. “मास्तर, तुमच्या आवडीचं एक गाणं घ्या. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरा आणि गाण्याबरोबर म्हणा. रोज घरी. पुन्हा पुन्हा.” मावशीने स्वतःचा जुना टॅब त्यांना दिला, त्यात त्यांच्या नावाचं खातं उघडलं आणि ते गाणं घालून ठेवलं. ‘उघड खिडकी, बघ ना बाहेर, रस्ता निघाला गावाला’. गाडी शिकवताना ते हेच गुणगुणायचे.

सहा महिने झाले. मॅडमसमोर बसलं की बाबा म्हणायचे, “हळू.” गाणं लावलं की ओठ गच्च मिटायचे. आणि एका गुरुवारी मॅडम आईला म्हणाल्या (आईने घरी आल्यावर मावशीला सांगितलं तेव्हा मी टेबलावर उघडाच होतो), “घरी सराव होत नाहीये असं दिसतंय. माझ्याकडे खूप लोक वाट बघत बसलेत हो. पुढच्या गुरुवारी शेवटचं बघते. नाहीतर ही वेळ मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.”

“भावोजी सराव करतात की नाही?” मावशीने हळूच विचारलं.

“मला काय माहीत?” आई म्हणाली. “सकाळी दहा वाजता आपण तिघी तीन दिशांना. विचारलं तर मान हलवतात. आपण असताना एकदाही टॅबला हात लावत नाहीत.”

तर मित्रांनो, पणाला काय लागलं होतं ते ध्यानात ठेवा. तो गुरुवार.

झिपरीला यातलं निम्मंच ठाऊक होतं, कारण ती माझ्यात बुडाली होती. शाळेतून आली की दप्तर फेकायची, माझ्यासमोर फतकल मारायची आणि टकाटक टकाटक! त्या रबरी बोंडाला तर तिने अशी सवय लावली की तेही गुळगुळीत झालं. गाण्यांच्या अ‍ॅपकडून घरातल्या चौघांचा इतिहास तिने मागवला. तो आला. हजारो ओळी! प्रत्येक ओळीत चारच गोष्टी: कोण, कुठलं गाणं, कधी लावलं, किती सेकंद ऐकलं.

पहिल्यांदा मला वाटलं, चला, पुन्हा लेबलंच. नाव, पत्ता, वजन. पण झिपरीने त्या ओळींना रंग दिले, गोल दिले, आणि पहिल्यांदा माझ्या पडद्यावर ते चित्र उमटलं तेव्हा मी थक्क झालो! आईचे निळे ठिपके रोज सकाळी एकाच जागी, बसच्या पस्तीस मिनिटांत, मुंग्यांसारखे ओळीने. मावशीचे लाल ठिपके फटाक्यांसारखे कुठेही. झिपरीचे हिरवे, परीक्षेच्या आठवड्यात गायब आणि शेवटचा पेपर संपल्या क्षणी धो धो. अहो, हे खोकं उघडण्यासारखं होतं! सहा वर्षं जे बंद राहिलं त्याच्या आत माणसं होती!

मात्र एक अडचण होती. झिपरी गाणी बदलताना खूप चुळबुळते, त्यामुळे चित्रात दोनदोन सेकंदांचा कचरा फार. तिने संगणकाच्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, बरेच लोक तीस सेकंदांच्या आतलं ऐकणं मोजतच नाहीत, तूही गाळून टाक. झिपरीने एक ओळ लिहिली. एकच ओळ: तीस सेकंदांपेक्षा कमी असेल तर सोडून दे.

आणि मी सोडून देत गेलो. कुणाची ओळ, का सोडायची, काही विचारलं नाही. सांगितलेलं मुकाट्याने करायची माझी जुनी खोड. मित्रांनो, त्याची मला आजही टोचणी आहे.

रविवारी सकाळी झिपरीने सगळ्यांना एकत्र बसवलं. मला मधोमध ठेवलं. आईच्या फोनवरून, मावशीच्या फोनवरून, बाबांच्या टॅबवरून, तिन्हीकडून एकाच वेळी माझ्या दारावर टकटक झाली आणि मी तिघांनाही पान वाढलं. काय सांगू तुम्हाला! ज्याच्यावर टॉवेल वाळत होता त्याच्याकडे आता तीन पाहुणे!

“ताई!” मावशी किंचाळली. “तू बसमध्ये हा असला धांगडधिंगा ऐकतेस? आणि आम्हाला सांगतेस, शांत काहीतरी लावा?”

“गर्दीत झोप लागू नये म्हणून,” आई म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते.

“एकशे नव्वद वेळा झोप लागू नये म्हणून?”

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. बाबाही हसत होते. मग झिपरी म्हणाली, “आता बाबा!” आणि तिने त्यांच्या नावावर बोट ठेवलं.

मी पान उघडलं. पान कोरं होतं. मधोमध एकच आकडा होता. शून्य.

हसणं थांबलं. खालचा पंप तेवढा फुस्स-फुस्स करत होता.

“एकदाही नाही?” आई म्हणाली. “सहा महिन्यांत एकदाही नाही?”

“हळू,” बाबा म्हणाले. त्यांनी टॅबकडे बोट केलं, मग छातीकडे, मग गळ्याकडे. “हळू. हळू, हळू!”

“अहो, मग शून्य कसं येईल? मशीन खोटं बोलतंय का?” आईचा आवाज चिरकला. “मी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून तुम्हाला तिकडे घेऊन जाते. मॅडमपुढे मी काय सांगू? तुम्हाला बोलायचंच नाहीये का?”

“हळू!” बाबांनी टेबलावर मूठ आपटली. मी दाणकन उडालो. ते उठले, टॅब कपाटात ठेवला, कपाटाचं दार लावलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. झिपरीचा चेहरा असा झाला की तिने मला बंदसुद्धा केलं नाही. त्या शून्यासकट मी तसाच उघडा राहिलो. पूर्वी कुणी असं खोटं बोललं असतं तर बाबांनी त्याला चार शब्द सुनावले असते. पण त्यांच्याकडे शब्द एकच होता, आणि तो त्यांनी वापरून झाला होता.

सोमवारी संध्याकाळी रोजच्यासारख्या नव्या ओळी आल्या. आईच्या आल्या, मावशीच्या आल्या. बाबांच्या खात्यातून एकही नाही. मंगळवारीही नाही. टॅब कपाटातच होता.

मंगळवारी मावशी दवाखान्यातून आली ती तणतणतच. “काय गं झिपरे, तुझं ते यंत्र माझी बदनामी करतं! म्हणे मी दिवसाला सहाच गाणी ऐकते. अगं, मी सकाळी वेणी घालता घालता पंधरा गाणी बदलते!”

“तीस सेकंदांच्या आत बदललीस तर मोजत नाही,” झिपरी निरुत्साहाने म्हणाली. “तसा नियम आहे.”

“वा रे नियम! आणि न मोजलेली जातात कुठे?”

“कुठे नाही. इथेच असतात. नुसती दाखवत नाही.”

“मग दाखव की. माझी वेणीतली गाणी मला परत दे.”

झिपरीने उसासा टाकून ती यादी उघडली. गाळलेल्या ओळी, माणसागणिक. आई: बावीस. झिपरी: सहाशे चार. मावशी: आठशे एकोणनव्वद.

बाबा: दोन हजार तीनशे सतरा.

मावशीने केसातला चिमटा काढून हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

“हे काय आहे?” शेवटी ती म्हणाली.

झिपरीने खाली सरकवलं. सगळ्या ओळींत एकच गाणं. सकाळचे दहा, सव्वादहा, साडेदहा, अकरा. चार सेकंद. चार सेकंद. तीन सेकंद. चार सेकंद. रबरी बोंडावर तिचं बोट दोनदा घसरलं. “थांब मावशी, थांब, याचा आलेख काढते. आडवे दिवस, उभे सेकंद. एका वेळेला एक ठिपका.”

मी काढला. आणि मित्रांनो, काढता काढता मला कळलं की मी काय गाळत होतो.

पहिले तीन आठवडे सगळे ठिपके तळाशी. चार सेकंदांवर. मग एक पायरी. सहा. मग आणखी एक. आठ. झिपरीने गाणं लावलं आणि घड्याळ हातात धरलं. “उघड” चौथ्या सेकंदाला. “खिडकी” सहाव्या. “बघ ना” आठव्या.

“मावशी,” ती कुजबुजली, “जिथे अडतात तिथे ते बंद करतात. आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात. ते ऐकत नव्हते गं. ते म्हणत होते!”

प्रत्येक पायरी म्हणजे एक शब्द. “बाहेर”पर्यंत ते पोचले होते आणि तिथे भिंत होती. अकराव्या सेकंदावर, “रस्ता” या शब्दापाशी. एकोणीस दिवस ठिपके त्या भिंतीला धडकत राहिले. चारशे बारा ठिपके! चारशे बारा वेळा त्यांची गाडी त्याच एका जागी बंद पडली आणि चारशे बारा वेळा त्यांनी ती पुन्हा सुरू केली. घरात कुणी नसताना. दार लावून. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं त्याला शिकाऊ होऊन अडखळताना कुणी बघू नये म्हणून. विसाव्या दिवशी एक ठिपका, एकटाच, भिंतीपलीकडे. मग दोन. मग झुंबड! तिथून चढण वर, वर, वर. शेवटचा ठिपका शनिवारचा होता. सत्तावीस सेकंद.

“तीन सेकंद कमी पडले,” झिपरी म्हणाली. “तीन सेकंद जास्त असते तर माझ्या नियमाने मोजले असते.” आणि तिने माझ्या कीबोर्डवर डोकं टेकलं. पडद्यावर भलतीसलती अक्षरं उमटत गेली. मी ती उमटू दिली.

गुरुवारी शाळा सुटल्याबरोबर ती मला दप्तरात घालून थेट दवाखान्यात आली. आई-बाबा आधीच येऊन बसले होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चेहरा असा, जणू निकाल आधीच ऐकलाय. आईला झिपरीने काहीच सांगितलं नव्हतं. “सांगून पटणार नाही, दाखवलंच पाहिजे,” असं ती मावशीला म्हणाली होती.

खोली लहान. भिंतीवर कप, चमचा, छत्री यांची चित्रं. मॅडमनी फाइल उघडली. “मास्तर, या आठवड्यात घरी सराव?”

“हळू,” बाबा जमिनीकडे बघत म्हणाले.

“मॅडम, एक मिनिट!” झिपरीने मला टेबलावर ठेवलं. नऊ मिनिटांतली पाच तर मी उठून बसेपर्यंतच जाणार होती. “इथे प्लग कुठे आहे? लवकर, नाहीतर हा झोपेल!”

आईला काही कळलं नव्हतं, पण लेकीचा आवाज कळला. तिने उठून सरळ मॅडमच्या टेबलफॅनची पिन काढली. “गरम होईल थोडं, चालेल ना?” आणि माझी पिन लावली.

मी कामाला लागलो. नव्या यंत्राने दोन हजार तीनशे सतरा ठिपके पापणी लवायच्या आत टाकले असते. मला ते जमत नाही. मी एकेक टाकतो. टप. टप. टप. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. झिपरी भरभर सांगत सुटली, हा एक ठिपका म्हणजे एकदा गाणं लावलं, वर म्हणजे जास्त शब्द. पहिली पायरी चढून झाली तेव्हा मॅडमनी घड्याळाकडे बघणं सोडलं. दुसरी चढली तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. भिंत सुरू झाली. एकाच ओळीत ठिपके, ठिपके, ठिपके. मी तर घामाघूम, पंखा किंचाळतोय.

“अजून तिथेच?” मॅडम म्हणाल्या.

“अजून,” झिपरी म्हणाली.

मग तो एकटा ठिपका पलीकडे पडला आणि मॅडमच्या तोंडून निघून गेलं, “गेले!”

आई उभीच होती. “सकाळी दहा ते बारा,” ती वेळा वाचत म्हणाली. “आणि मी विचारलं, मशीन खोटं बोलतंय का.” ती बाबांच्या शेजारी बसली. “अहो, मला एकदा तरी... ” आणि पुढे तिलाही शब्द सुचला नाही.

बाबा वाकून माझ्या पडद्याकडे बघत होते. आपण चढलेला घाट त्यांनी आजवर असा लांबून कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी हात पुढे केला, भिंतीवर बोट ठेवलं आणि ते चारशे बारा ठिपक्यांवरून सावकाश फिरवत नेलं, शेवटपर्यंत. मग त्यांनी डोळे मिटले. डावा हात मांडीवर आपटायला लागला. टप. टप.

“उघड...”

आवाज गंजलेला होता. चावी फिरवल्यावर जुनी गाडी घरघरते तसा. पण सूर पक्का!

“उघड खिडकी... बघ ना... बाहेर...”

मांडीवरचा हात थांबला. भिंत आली होती. झिपरी एरवी समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळी होते. त्या दिवशी तिने दोन्ही ओठ दातांत धरले होते. मॅडमनी हाताने सगळ्यांना खूण केली: थांबा. माझा पंखा मला थांबवता आला असता तर मी तोही थांबवला असता.

“र... र...” बाबांनी श्वास घेतला. मागे गेले. अगदी पहिल्यापासून. “उघड खिडकी, बघ ना बाहेर, रस्ता निघाला गावाला!”

मित्रांनो, मी हजारो गाण्यांचा हिशेब ठेवलाय. तसं गाणं मी ऐकलेलं नाही.

मॅडमनी पेन उचललं. फाइलमध्ये ‘घरी सराव नाही’ असं लिहिलेलं होतं, त्यावर त्यांनी दोन आडव्या रेघा मारल्या. “गुरुवार, साडेचार,” त्या म्हणाल्या. “आणि मास्तर, आता सोमवारीही यायचं. वेळ मी काढते. पुढची ओळ अवघड आहे, दोघे मिळून चढू.” मग झिपरीकडे वळून, “आणि तू. दर आठवड्याला मला हे चित्र पाहिजे.”

“हळू,” बाबा म्हणाले, आणि सगळ्यांना कळलं की हा ‘हळू’ म्हणजे अभिमान आहे.

घरी आल्यावर झिपरीने ती एक ओळ खोडली. टॅब कपाटातून बाहेर आला. आता बाबा दार लावत नाहीत. आम्ही सगळे खोलीत असतानाच गातात, अडतात, चिडतात, मावशी म्हणते, “भावोजी, दुसरा गिअर टाका,” आणि ते हसत हसत पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. रोज संध्याकाळी त्यांच्या ओळी माझ्याकडे येतात. पाच सेकंदांच्या, चौदा सेकंदांच्या, कधी एकाच सेकंदाच्या. मी एकही सोडत नाही.

माझं वय झालंय. एक दिवस माझा पडदा उजळणार नाही आणि हे चित्र दुसऱ्या कुणाच्या तरी पडद्यावर जाईल, जाऊ दे. त्याआधी एकच विनवणी करतो. तुम्ही मोजायला खूप हुशार आहात, तुमच्यापैकी कितीतरी जण झिपरीसारखी सुंदर चित्रं काढाल. पण ‘हे धरायचं नाही’ असं ज्याला म्हणाल, ते एकदा स्वतः उघडून बघा. आमच्यासारखी यंत्रं मुकाट्याने गाळतील, तुम्हाला सांगणार नाहीत. आणि तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणी एखाद्या शब्दापाशी अडून उभं असेल, तर तो शब्द त्यांच्या तोंडात घालू नका आणि तिथून निघूनही जाऊ नका. थोडं थांबा. ते निघालेले आहेत.